वरचा मजला, विनामोबदला

सुभाष आंगचेकरने आयुष्यात एकही बिल मुकाट्याने भरलं नाही. विजेचं असो, पाण्याचं असो, बिल आलं की तो आधी चष्मा पुसायचा, मग लाल पेनाने रेघा मारायचा आणि मग अर्ज लिहायला बसायचा. बिल बरोबर निघालं तर त्याचा दिवस वाया जायचा. खारघरच्या रो-हाऊसच्या तळमजल्यावर, टीव्हीखालच्या कपाटात, त्याच्या अर्जांच्या सव्वीस फायली होत्या. समोरच्या माणसाने कंटाळून नाद सोडला की सुभाष फाईलवर 'विजय' असं लिहायचा आणि खाली तारीख टाकायचा.

राजेश्वरी त्याची थोरली बहीण, त्याच्याहून चार वर्षांनी मोठी. ती वरच्या मजल्यावर राहायची. सकाळी गॅलरीत कपडे वाळत घालताना खाली फाटकाशी उभा राहून पेपरवाल्याशी सुट्या पैशांवरून हुज्जत घालणारा भाऊ तिला दिसायचा, आणि तेव्हा तिच्या मनात जे यायचं त्याला राग म्हणता आलं नसतं. रागवायला समोरचा माणूस थोडा तरी आपल्या उंचीचा लागतो.

सुभाष पावणे एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात खरेदी विभागात होता. तिथून तो निवृत्त झाला तेव्हा निरोपाच्या भाषणात त्याने सांगितलं होतं की चौतीस वर्षांत मी एक रुपयाची लाच घेतली नाही. ते खरं होतं. रुपये त्याने घेतले नाहीत. त्याने मिक्सर घेतले, इस्त्र्या घेतल्या, दर दिवाळीला काजूचे डबे घेतले, आणि मुलाच्या, शौनकच्या, बारशाला पिंपं पुरवणाऱ्या एका व्यापाऱ्याकडून शिसवी पाळणा घेतला. स्वयंपाकघरामागच्या खोलीत अजून पाच मिक्सर खोक्यात बंद होते. कुणाच्या लग्नामुंजीत द्यायला होतील म्हणून ठेवलेले. पण द्यायची वेळ आली की सुभाषला वाटायचं, एवढा महागाचा मिक्सर कशाला, पाचशे एक पुरेत.

भाजीवाल्या वेणूबाईच्या शेंगा तो घरी आणून स्वतःच्या काट्यावर पुन्हा तोलायचा. कमी भरल्या की पिशवी घेऊन चौकापर्यंत परत. वेणूबाई म्हातारी होती, जवळच्याच गावठाणातली. ती एकदा चार बायकांसमोर म्हणाली, "दादा, तुमच्या घरान शेंगा शिजवतान का नुसत्या तोलतान?" सुभाषला त्यात टोमणा दिसला नाही. त्याने कमी भरलेल्या दोन शेंगा घेतल्या आणि घरी आला.

राजेश्वरीने उरणच्या शाळेत एकतीस वर्षं गणित आणि भूगोल शिकवला होता. लग्न राहून गेलं. सुभाषच्या डिप्लोमाची फी तिच्या पगारातून गेली होती, हे ती कधी बोलून दाखवत नसे. सुभाष मात्र 'मी स्वतःच्या हिमतीवर शिकलो' हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. उरणला शेवटची एकोणीस वर्षं ती करिमुन्निसाखालाच्या घरात दोन खोल्या घेऊन राहिली. खाला पहिल्या तारखेला दारात यायची, भाडं हातात घ्यायची, तिथेच उभी राहून मोजायची, मग म्हणायची, "झालं बाई. आता चाय पिऊ." त्या व्यवहारात कुणालाच लाज वाटत नव्हती. खाला वारली, तिचा मुलगा शहजाद बायकामुलांसकट दुबईहून परत आला, त्याला जागा हवी होती. त्याने सहा महिने आधी सांगितलं आणि टेम्पोत सामान स्वतः चढवून दिलं.

"आपलं घर असताना ताई परक्यांकडे का राहते, लोक काय म्हणतील," असं सुभाषने त्याआधीची एकोणीस वर्षं कधी म्हटलं नव्हतं. तेव्हा म्हणाला. कारण तेव्हा वरचा मजला बांधून तयार होता आणि भाडेकरूंच्या तीन कुटुंबांशी त्याचं भांडण होऊन तो रिकामा पडला होता.

पहिल्याच महिन्यात वैजयंतीने, म्हणजे सुभाषच्या बायकोने, विषय काढला. "ताई, लाईट-पाण्याचं तेवढं बघा हं." लाईट-पाण्याचा आकडा नऊ हजार निघाला. सुभाष मध्ये पडला. म्हणाला, "बहिणीकडून पैसे घ्यायचे मला पटत नाही. मी तर हातातही धरणार नाही." त्याने तो शब्द पाळला. पैसे पाकिटात घालून पहिल्या तारखेला देवघरात, हळदीकुंकवाच्या डबीखाली ठेवायचे आणि वैजयंतीने दिवा लावून झाल्यावर उचलायचे, अशी पद्धत पडली. देवापुढून उचललेल्या पैशाला भाडं म्हणत नाहीत, असा त्या घरात शोध लागला होता. पावती नाही, करारनामा नाही, बँकेची नोंद नाही. भाऊबीजेला सुभाष ताटात दोन हजार घालायचा, आणि पुढच्या पाकिटात वैजयंतीला दोन हजार जास्त हवे असायचे. "दिवाळी किती महाग पडते बघा ना, ताई."

राजेश्वरी सहा वर्षं पाकीट ठेवत राहिली. आपण पैसे मोजतो आणि राहतो, एवढ्याच एका गोष्टीवर तिला त्या दोघांकडे वरून बघता यायचं. नऊ हजारांत जागेबरोबर ही एक सवड मिळत होती आणि ती तिला स्वस्त वाटायची.

मग शौनकचं लग्न ठरलं. शौनक सुभाषचा एकुलता एक मुलगा, पुण्यात नोकरीला होता, आता इकडे बदली मागणार होता. साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी वैजयंती वर आली. खुर्चीत बसून तिने आधी खोलीभर नजर फिरवली. पूर्वेची खिडकी, तिच्यातून दिसणारी टेकडी, गॅलरी, वेगळं न्हाणीघर.

"ताई, जिन्याने गुडघे दुखत असतील ना तुमचे?"

"नाही."

"नाही, आता नाही. पण पुढे. म्हणून हे म्हणत होते की तुम्ही खालीच या. स्वयंपाकघरामागची खोली रिकामी करून देऊ."

"मिक्सरची?"

"मिक्सर माळ्यावर टाकू. ते काय तुमच्यापेक्षा जास्त आहेत का?"

त्या खोलीला खिडकी नव्हती. वर एक झरोका होता, तो मागच्या गटाराच्या बोळात उघडायचा. राजेश्वरीने विचारलं, "आणि पाकीट?" वैजयंतीने हे आधीच ठरवलेलं होतं. "ते काय, कमी करू थोडं. सात ठेवा."

राजेश्वरीने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. तिला सहासष्टावं लागलं होतं, पेन्शन होती, पण आता अनोळखी गावात खोली शोधत फिरायची ताकद नव्हती. तिला ती पूर्वेची खिडकी हवी होती. आणि ती आपल्याकडे ठेवायला तिच्यापाशी काही नव्हतं, कागदाचा एक चिटोरासुद्धा नव्हता.

पालिकेच्या सर्वेक्षणाची मुलगी आली ती त्याच आठवड्यात. गळ्यात ओळखपत्र, त्यावर नाव ईश्वरी, हातात टॅब. सुभाष आणि वैजयंती लग्नाचं कार्यालय बघायला गेले होते. मुलीने खालच्या खोल्या बाहेरूनच मोजल्या, वर आली, भिंतीवर लाल ठिपका पाडून यंत्राने लांबी-रुंदी घेतली.

"आजी, या मजल्यावर कोण राहतं?"

"मी."

"घर तुमच्या नावावर आहे?"

"भावाच्या."

"मग तुम्ही इथे अशाच? म्हणजे..." मुलीने टॅबकडे पाहिलं. "इथे दोनच रकाने आहेत. स्वतःचा वापर किंवा भाडेकरू."

राजेश्वरीने तिला पाणी दिलं. 'अशाच' हा शब्द तिला लागला होता. मुलीने मुद्दाम म्हटला नव्हता, म्हणून जास्त लागला. ती म्हणाली, "मी दर महिन्याला पैसे देते."

मुलीने टॅबवर टिचकी मारली आणि गेली.

दोन महिन्यांनी नोटीस आली. सुभाषने नेहमीप्रमाणे चष्मा पुसला, वाचायला घेतलं आणि दुसऱ्या पानावर थांबला. मालमत्तेचं करयोग्य मूल्य वाढवलं होतं. तळमजल्यापुढे 'स्वतःचा वापर' असं होतं. पहिल्या मजल्यापुढे 'भाडेतत्त्वावर', आणि भोगवटादाराच्या रकान्यात राजेश्वरी आंगचेकर. कर वर्षाला अकरा हजारांनी चढला होता. हरकत असल्यास एकवीस दिवसांत नोंदवावी.

"ताई," त्याने जिन्याखालून हाक मारली, "खाली ये जरा."

ती आली. त्याने नोटीस तिच्यापुढे धरली, पण हातात दिली नाही.

"हे तू सांगितलंस?"

"विचारलं म्हणून सांगितलं."

"भाडेकरू? सख्खी बहीण भाडेकरू? अगं, पालिकेच्या ऑफिसात चार माणसं हे वाचणार. मला काय म्हणतील ते?"

"भाडं घेतो म्हणतील."

"कधी घेतलं मी? एकदा तरी हातात घेतलंय?"

"नाही. हातात नाही घेतलंस."

वैजयंती स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "ताई, तुम्ही जरा विचार करून बोलायचं होतं. अहो, आपली माणसं आपल्या माणसाला असं परकं करतात का?"

सुभाष त्या संध्याकाळी हरकतीचा अर्ज लिहायला बसला तो चार दिवस लिहीत होता. पहिल्या मसुद्यात चौदा मुद्दे होते. ज्या घराबद्दल तो पाहुण्यांना सांगायचा की असं बांधकाम आता मिळत नाही, त्या घराच्या भिंतींना ओल आहे असं मुद्दा क्रमांक तीनमध्ये आलं. मुद्दा क्रमांक पाचमध्ये डास. सातमध्ये मागच्या गटाराची दुर्गंधी, 'जी विशेषतः स्वयंपाकघरामागील खोलीत असह्य असून ती खोली मनुष्यवस्तीस अयोग्य आहे'. हे त्याने मोठ्याने वाचून दाखवलं. राजेश्वरी समोर तांदूळ निवडत बसली होती.

"ती खोली ना?" तिने विचारलं. "वैजयंती मला देणार आहे ती?"

"ते अर्जापुरतं आहे," सुभाष म्हणाला. त्याच्या आवाजात जराही फरक पडला नाही. त्याच्या आयुष्यात बऱ्याच गोष्टी अर्जापुरत्या होत्या.

प्रभाग कार्यालयासमोर कुलदीपचं दुकान होतं. झेरॉक्स, स्टॅम्पपेपर, अर्ज भरून मिळतील. सुभाष तिथे गेला ते राजेश्वरीला बरोबर घेऊन, कारण तिच्या आधारकार्डाची प्रत लागणार होती. कुलदीपने चौदा मुद्दे वरून खाली पाहिले आणि कागद परत केले.

"काका, ये सब छोडो. डास का कोई टॅक्स कम नहीं करता. तुमची केस एका लाइनची आहे. सिस्टर आहे, फॅमिली आहे, भाडं घेत नाही. मालकाचं एक प्रतिज्ञापत्र, सिस्टरचं एक. नोटरी मैं करवा देता हूँ. काम खतम."

"एका ओळीचं?" सुभाषला ते अपमानास्पद वाटलं.

"जितना कम लिखोगे उतना अच्छा. सुनावणीच्या मॅडम जास्त वाचत नाहीत."

हा सल्ला फुकट होता आणि सुभाषने फुकट मिळालेली गोष्ट कधी सोडली नव्हती, ही एक सोडली. परत येताना रिक्षात तो म्हणाला, "त्या कुलदीपला काय कळतंय. अधिकाऱ्यावर छाप पडली पाहिजे. भाऊ-बहिणीचं नातं काय असतं ते त्या कागदात उतरलं पाहिजे."

तो दोन दिवस ते नातं उतरवत होता. तिसऱ्या दिवशी त्याने राजेश्वरीला खाली बोलावून मसुदा वाचला. आपली थोरली भगिनी अविवाहित व निराधार असून, वडिलांच्या पश्चात तिचा सांभाळ करणे हे आपण आपले परमकर्तव्य समजलो. तिला आपल्या घराचा पहिला मजला राहावयास दिला असून त्यापोटी आपण तिजकडून कोणताही मोबदला घेत नाही.  वाचता वाचता त्याने खरोखरच चष्मा काढून डोळे टिपले. राजेश्वरी बघत राहिली. स्वतःच्याच खोट्याने ओलावणारा माणूस तिने शाळेतही पाहिला होता, पण ती मुलं दहा-अकरा वर्षांची असायची.

'निराधार' हा शब्द तिला टोचला. तिची पेन्शन सुभाषच्या व्याजापेक्षा जास्त होती. नकार द्यायला तिने तोंड उघडलं होतं. मी पैसे देते, नोटीस बरोबर आहे, मी सही करणार नाही, हे सगळं तयार होतं. मग त्यापुढचं तिला दिसलं. पुढच्या महिन्यात सामान खाली, मिक्सर माळ्यावर, झरोका. भाडेकरूला काढता येतं. सुभाषने तिघांना काढलं होतं.

तिने मसुदा हातात मागितला. एकदा वाचला.

"चांगलं लिहिलंयस," ती म्हणाली.

सुभाषला चांगलं म्हणणारं घरात कुणी नव्हतं. तो खुर्चीत पुढे सरकला.

"एकच आहे," ती म्हणाली. "'घेत नाही' एवढंच आहे. म्हणजे आज घेत नाही. उद्या घेतोस का, परवा घेतोस का, हे दर वर्षी विचारायला येतील. दर वर्षी प्रतिज्ञापत्र."

"दर वर्षी नोटरी," सुभाष म्हणाला. त्याने नोटरीची फी मनात गुणली.

"मी आपलं सुचवलं."

"थांब." त्याने पेन उघडलं. लिहिता लिहिता मोठ्याने बोलू लागला. "सदर पहिला मजला, पूर्वेकडील खोली, गॅलरी व न्हाणीघरासह, माझी भगिनी हिच्याकडे तहहयात विनामोबदला राहील. त्यास माझी व माझ्या वारसांची कोणतीही हरकत नाही व राहणार नाही. कसं?"

"न्हाणीघर घेतलंस ते बरं केलंस. नाहीतर ते वेगळं मोजतील."

"ताई, चौतीस वर्षं खरेदीच्या ऑर्डरी लिहिल्यात मी. माझ्या कागदात फट राहत नाही."

वैजयंती टीव्ही बघत होती. तिने एकदा विचारलं, "शौनकचं काय मग?" सुभाष म्हणाला, "अगं, हे ऑफिसला दाखवायला आहे." ती पुन्हा टीव्हीकडे वळली.

"आणखी एक," राजेश्वरी म्हणाली. "मला शपथेवर लिहायचंय की मी काही देत नाही. या महिन्याचं पाकीट मी ठेवलंय. ते परत दे."

दोघंही तिच्याकडे बघू लागली.

"मी शिक्षिका होते, सुभाष. शपथेवर खोटं मला जमणार नाही. तिथे बाईंनी विचारलं की या महिन्यात काही दिलंत का, तर मी दिलं म्हणून सांगेन. मला दुसरं सांगता येत नाही."

हरकत नोंदवून झाली होती आणि सुनावणी परवावर आली होती. सुभाषने वैजयंतीला डोळ्याने खुणावलं. वैजयंती आत गेली, कपाटाचा आवाज झाला, आणि ती पाकीट घेऊन आली. सहा वर्षांत पहिल्यांदा ते पाकीट एका हातातून दुसऱ्या हातात गेलं.

"नंतर बघू," सुभाष म्हणाला.

"नंतरचं तू लिहिलंयस की," राजेश्वरी म्हणाली आणि वर गेली.

सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाई चाळिशीच्या होत्या. बाहेर बाकड्यावर वीसेक माणसं आपापल्या पिशव्यांतून कागद काढत आणि घालत बसली होती. प्रत्येकाचं घर आज लहान होतं, जुनं होतं, गळकं होतं. एकजण शेजाऱ्याला सांगत होता की त्याच्या गच्चीला गच्ची म्हणताच येणार नाही. राजेश्वरीला वाटलं, याच लोकांना एखाद्या वधूपित्यासमोर बसवलं तर हीच घरं पुन्हा ऐसपैस होतील.

सुभाषचा नंबर लागला तेव्हा त्याने प्रतिज्ञापत्र टेबलावर ठेवलं आणि उभ्यानेच सुरुवात केली. "मॅडम, पैसा आज आहे, उद्या नाही. पण बहीण..."

"बसा," बाई म्हणाल्या. त्यांनी कागद वाचला. कुलदीप म्हणाला होता तसं झालं नाही, त्यांनी सगळा वाचला. तहहयातपाशी त्यांचं बोट थांबलं. त्यांनी सुभाषकडे पाहिलं. "हे तुम्ही स्वतः लिहिलंय?"

"शब्द न् शब्द, मॅडम."

"समजून?"

"मॅडम, मी तर म्हणतो अजून लिहून घ्या. माझा मुलगासुद्धा आत्याला अंतर देणार नाही. लग्न होतंय त्याचं, पण वरचा मजला आत्याचा म्हणजे आत्याचा. त्याला मी सांगून ठेवलंय."

बाईंनी तेही समासात टिपून घेतलं, तारीख घातली आणि त्याची सही घेतली. मग राजेश्वरीकडे वळल्या.

"ताई, सर्वेक्षणाच्या वेळी तुम्ही पैसे देता असं सांगितलं होतं."

"हो."

"मग आता?"

"आता देत नाही. या महिन्याचे दिलेले त्यांनी परत केले. पुढे घ्यायचे नाहीत असं त्यांनी लिहून दिलंय. मी वाचलंय, मला मान्य आहे, म्हणून त्यांच्या सहीखाली माझीही सही केलीय."

बाई तिच्याकडे जरा वेळ बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, पण त्यांनी पेनाचं टोपण लावून पुन्हा काढलं. "तुमच्याकडे याची प्रत आहे?"

"नाही. साक्षांकित मिळेल का?"

"अर्ज करा, मिळेल."

हरकत मान्य झाली. पहिला मजला स्वतःच्या वापरात धरला गेला. वाढलेले अकरा हजार उतरले. सुभाष जिना उतरताना दोन-दोन पायऱ्या एकदम उतरत होता. खाली आल्यावर त्याला दिसलं की ताई बरोबर नाही. ती वर खिडकीशी प्रतीच्या अर्जाच्या रांगेत उभी होती. तो वीस मिनिटं उन्हात थांबला, आणि त्या वीस मिनिटांत त्याला तिघांनी विचारलं म्हणून त्याने तिघांना आपली केस सांगितली.

महिना उलटला. दोन तारीख झाली, तीन झाली. चार तारखेला वैजयंती वर आली.

"ताई, देवाकडे काही ठेवायचं राहिलं का तुमचं?"

"फुलं ठेवली सकाळी."

"नाही, म्हणजे... तुमच्या लक्षात असेलच."

राजेश्वरीने कपाटातून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेली प्रत काढली. पालिकेचा शिक्का वर होता. ती वैजयंतीच्या हातात दिली आणि चष्माही दिला. वैजयंतीने वाचलं. वारसांची हरकत नाही व राहणार नाही, इथपर्यंत आल्यावर तिने कागद मांडीवर ठेवला.

"हे ऑफिसला दाखवायचं होतं ना?"

"दाखवलं. त्यांना पटलं."

खाली बराच वेळ बोलणं चाललं. राजेश्वरीला सगळं ऐकू आलं नाही आणि तिने कान दिले नाहीत. दुसऱ्या दिवशी सुभाष कुलदीपकडे जाऊन आला. प्रतिज्ञापत्र मागे घेता येईल का, असं त्याने विचारलं होतं. कुलदीपने हिशेब सांगितला. मागे घेतलं तर भाड्याचा कर पुन्हा चढेल, मागचाही लागेल, आणि शपथेवर खोटं का लिहिलं याची वेगळी विचारणा होईल. "काका, मैंने बोला था एक लाइन," असंही तो म्हणाला. हे सुभाषने घरी सांगितलं नाही. कुलदीप ते चौकात सगळ्यांना सांगत होता, म्हणून कळलं.

शौनकला फोनवर सगळं सांगण्यात आलं. तो म्हणाला की बरं झालं, आम्ही तसाही वेगळा फ्लॅट बघितलाय, सांगायचंच राहून गेलं. वैजयंती दोन दिवस जेवली नाही आणि ते आत्याच्या खात्यावर गेलं.

राजेश्वरीने जिंकल्यासारखं काही वाटून घेतलं नाही. 'निराधार' या शब्दाखाली तिची सही होती. पिशवीतली प्रत ती दुसऱ्यांदा वाचायला काढत नसे, कारण तो शब्द दुसऱ्याच ओळीत होता. आणि सहा वर्षं पाकीट ठेवून जी वरून बघायची सवड तिने घेतली होती, ती आता तिच्याकडे नव्हती. फुकट राहणाऱ्याला तेवढं वरून बघता येत नाही. ती आता सुभाषच्या बरोबरीने उभी होती, एका कागदावर, खाली-वर सह्या करून. हे तिला सगळ्यांत जास्त झोंबलं. पण पूर्वेची खिडकी होती.

मग न्हाणीघराचा नळ गळायला लागला. इतकी वर्षं असं काही झालं की ती गुपचूप प्लंबरला बोलवायची आणि पैसे देऊन मोकळी व्हायची. या वेळी तिने जिन्यातून खाली सांगितलं, "सुभाष, वरचा नळ गळतोय. बघ जरा."

प्लंबर तीनशे मागतो म्हणून सुभाष स्वतः पाना घेऊन वर आला. बासष्ट वर्षांचा माणूस गुडघे टेकून बेसिनखाली शिरला. सदरा वर सरकला होता, पाठीचा पांढरा गोळा दिसत होता. राजेश्वरी दारात उभी राहिली. तिने टॉर्च धरला नाही.

"ताई," तो आतून म्हणाला, "तू मुद्दाम केलंस."

"मी काय केलं? लिहिलंस तू."

"तहहयात तू सुचवलंस."

"तो शब्द तुझा आहे. मी नोटरीचं बोलले."

 पाना घसरला, त्याचं बोट चेमटलं, त्याने हळूच शिवी दिली. पाणी त्याच्या मानेवरून कॉलरमध्ये उतरत होतं.

"वॉशर गेलाय," तो म्हणाला. "आणावा लागेल."

"आण मग."

तो बाहेर आला, भिंतीला धरून उठला, ओला सदरा झटकला. वॉशरचे वीस रुपये मागावेत की नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर चाललेलं तिला स्वच्छ दिसत होतं. तिने त्याला ते ठरवायला पुरेसा वेळ दिला. तो पैसे न मागताच जिना उतरला, आणि तिने गळणाऱ्या नळाखाली बादली सरकवून ठेवली.